टेबलावरची ओटी

मी पदर पसरून उभी होते आणि अध्यक्षीणबाईंनी माझ्या ओटीचा नारळ टेबलावर ठेवला. "तिथून उचल," म्हणाल्या. पाच मिनिटांपूर्वी त्यांच्या तोंडी मी 'तुम्ही' होते.

पांढुर्ण्यातल्या बायकांच्या मंडळाची सुगृहिणी स्पर्धा होती. तेव्हा व्हिडिओ नवा नवा. नागपूरहून कॅमेरावाला आला होता, आठ दिवसांनी कॅसेट मंडळाच्या टीव्हीवर दाखवणार होते. टीव्हीत दिसायची मला भारी हौस. नवरा तिगावला रेल्वेत गँगमन, दोन पोरी, तिसऱ्यांदा सातवा महिना. तरी शेजारणीची साडी नेसून गेले. रांगोळीत पहिली आले. उखाण्याला टाळ्या पडल्या. मग बाईंनी माइकवर विचारलं, "तुमचं कुलदैवत कोणतं?"

आम्ही बौद्ध. सासऱ्यांनी घरातले देव केव्हाच नदीत सोडले होते. सांगायला काय झालं होतं? मी म्हटलं, "रेणुकामाता."

सतरंजीवर बसलेली माझी सहा वर्षांची थोरली उठून उभी राहिली. "नाही वं माय, आपल्या घरी तं बाबासाहेब अन् बुद्ध हायेत!"

बायका हसल्या. मग एकमेकींकडे पाहू लागल्या. स्पर्धेतल्या प्रत्येकीची ओटी पदरात भरली. माझी टेबलावर. आणि मी काय केलं? उचलली. वर हात जोडून "धन्यवाद" म्हटलं.

एवढ्यावर भागलं नाही. स्टेशनवर गाडीची वाट पाहताना मी पोरीच्या थोबाडीत मारली. खरं बोलली म्हणून. ती रडली नाही.

"मी खोटं बोलली का वं, माय?"

आजही तिच्यासमोर मान वर होत नाही.

चौथ्या दिवशी मंडळाची एक बाई आमच्या रेल्वे क्वार्टरवर आली. दारातच थांबली. पाणी नको म्हणाली. "तुहा दुसरा नंबर आला. पोरीचं बोलणं आमी कॅसेटातून कापून टाकून राहिलो. तुही इज्जत राहीन, आमच्या कार्यक्रमाचीबी."

'हो' अगदी जिभेवर आलं होतं. खोटं कशाला बोलू? थोरली चुलीजवळ बसून धाकटीला भरवत होती. तिचा हात थांबला.

"कापाचं असन तं मले कापा," मी म्हटलं. "माह्या पोरीचं ठेवा. तेवढंच खरं हाय त्याच्यात."

"मंग नंबर नाही भेटन."

"नोका देऊ."

कॅसेट पाहायला मी गेले नाही. दोन महिन्यांनी तिसरी झाली. तीही मुलगीच. थोरलीची माफी मागितली. तिनं माफ करावंच असा माझा हक्क नाही.

आता कोणी आमचं घराणं विचारलं की पोरींच्या आधी मी बोलते. मोठ्यानं. ते काम पुन्हा पोरीवर टाकणार नाही.