इजिप्तच्या आड आलेला नरसिंह

माझा राग एका मुखवट्यावर आहे. आमच्या घरात माळ्यावर, जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेला नरसिंहाचा मुखवटा. गावच्या बोहाड्यात रात्रभर देवादिकांची सोंगं नाचतात, त्यातलं नरसिंहाचं सोंग आमच्या घराकडे. आजोबांनी घातलं, मग बाबांनी. ते घालण्याआधी घरच्या बाईने मुखवट्याला ओवाळायचं, ही रीत. म्हणजे सोंग बाबांचं आणि अडकलेली आई.

आईला इजिप्त बघायचा होता. हसू नका. मी शाळेत असताना माझ्या इतिहासाच्या पुस्तकाला कव्हर घालताना ती पिरॅमिडच्या चित्रापाशी थांबायची. "हे अजून उभं हाय? आणि आत जाता येतं?" पुढच्या वर्षी पुस्तक बदललं तरी जुनं काढून तेच चित्र नव्याने बघायची. धसईच्या बाजारापलीकडे तिला कोणी नेलं नव्हतं. नेणार तरी कधी? फाल्गुनात भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा, वैशाखात बोहाडा, पावसात रोपांची आवणी, दिवाळीत भातकापणी. बाबांच्या वर्षात आईसाठी फट म्हणून नव्हती.

पुढे मी कल्याणला नोकरीला लागले आणि ठरवलं, आता न्यायचंच. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मे महिन्यातली सहल पक्की केली, आम्हा तिघांची. बोहाडा त्याआधी उरकलेला असेल, असा हिशेब होता. बाबा तर असे खूश की पासपोर्टच्या फोटोसाठी मुरबाडला जाऊन दाढी करून आले. आईने माझ्या जुन्या पुस्तकातून काय काय बघायचं ते पुन्हा वाचून काढलं. ती मंदिरं, त्या भिंतींवरची चित्रं, ती नदी. बूट घालून अंगणात चालायचा सरावही केला. नऊवारी आणि पांढरे बूट. शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या, ही खुशाल चालायची.

मग एका शनिवारी गावी येताना मुरबाड स्टँडवर जीप भरायची वाट बघत बसले होते. शेजारीच वेगळी राहणारी काकी भेटली. सहज म्हणाली, "मंग तुमचं जाणं राहिलंच म्हणायचं. बोहाडा फुडं गेला ना."

गावात मोठ्या घरची लग्नं होती, म्हणून देवळातल्या बैठकीत बोहाडा मे महिन्यात ढकलला होता, नेमका आमच्या सहलीच्या आठवड्यात. आणि त्या बैठकीत बाबा होते! ज्याचं त्याचं सोंग उभं राहील का, हे प्रत्येकाला विचारतात. बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "राहील." घरी येऊन जेवले आणि झोपले. आम्हाला एक अक्षर नाही.

मी घरात पाऊल टाकलं ते भांडतच. "सांगता नाही आलं? तिकिटं काढलीत म्हणून?"

"चारचौघांत कसं सांगू? मान आपला हाय."

"मग तुम्ही राहा. आईला मी नेते."

"आनि ओवाळणार कोण?"

"काकी ओवाळेल."

"काकीची चूल वेगली. नाय चालत. तू जा एकटी."

तू जा एकटी! जणू काही इजिप्त माझाच हट्ट होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी नाही नाही ते बोलले, आणि त्यातला एकही शब्द आज मागे घेत नाही. आई तांदूळ निवडत बसली होती. तिला विचारावं, असं त्यांना एकदाही वाटलं नाही. ती खडे वेचत राहिली, याचाही मला संताप आला.

आईबाबांची तिकिटं रद्द करायला माझा हात धजला नव्हता. निघायच्या दिवशी सकाळी मी एकटीची बॅग घेऊन ओटीवर आले, तर आई माळ्यावरून मुखवटा काढत होती. तिने तो पाटावर ठेवला, कपाळाला कुंकू लावलं, निरांजन पेटवलं आणि सावकाश ओवाळलं. अंगावर नवं लुगडं होतं. पायात पांढरे बूट.

बाबा मिश्री लावता लावता अंगणातून धावत आले. "अगो, ह्ये काय? बोहाड्याला दिस हायेत अजून!"

"ओवाळायचा मान माजा. तो मी केला," आई म्हणाली. "घालायचा मान तुमचा. तो तुमी बघा."

"असं चालत नाय गो!"

"इतकी वर्सं मीच चालवते ना?"

तिने दाराआडची पिशवी उचलली. ती तिने कधी भरली, मला पत्ता नव्हता.

बोहाडा झाला. नरसिंह नाचला. गावावर काही कोसळलं नाही. आम्ही परत आलो तेव्हा बाबा धसईच्या बाजारात सगळ्यांना सांगत होते, "बायकोला इजिपला धाडली मी." अजूनही सांगतात, आल्यागेल्याला, छाती काढून. आई आत भाकरी थापत असते आणि गप्प ऐकते.

मला नाही गप्प बसवत. त्यांनी तिला धाडलं नाही. ती गेली.