रुमालाखालचा सीन

माझा मित्र घरात बायकोला ‘चहा टाक’ म्हणाला, की मागच्या गल्लीत दोन घरी आधण चढायचं. ही अतिशयोक्ती आहे, पण मी आयुष्यभर अतिशयोक्तीवरच जगलोय आणि त्या मानाने ही लहान आहे. सोलापुरात रिक्षावर भोंगा लावून साड्यांच्या सेलची, गाद्यांच्या प्रदर्शनाची, सर्कशीची जाहिरात फिरते ना, त्यातल्या निम्म्या जाहिराती त्याच्या आवाजात असायच्या. त्याचा तो धंदाच होता. संध्याकाळी आम्ही हौशी नाटकांच्या तालमी करायचो. मी लिहायचो, तो गर्जायचा. मी वाईट लिहितो हे कित्येक वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण ते तो म्हणायचा.

पन्नाशीच्या आसपास माणसाला गुडघेदुखी होते. आम्हाला सिनेमा झाला. मी एक पटकथा लिहिली. गुरांच्या बाजारातला एक म्हातारा दलाल, आणि घरचा शेवटचा बैल विकायला आलेला एक शेतकरी. दलालाची भूमिका अर्थात मित्राची. सौद्याच्या सीनमध्ये मी त्याला पानंच्या पानं बोलायला दिलं होतं. आता आमच्या जिल्ह्यातल्या बाजारात जुने दलाल भाव तोंडाने बोलत नाहीत. हातावर रुमाल टाकायचा, त्याखाली एकमेकांची बोटं दाबायची, आणि आकडा बघ्यांना कळू द्यायचा नाही. हे मला चांगलं ठाऊक होतं. पण बोटांना टाळ्या मिळत नाहीत, म्हणून रुमालाला मी अर्धी ओळ दिली आणि बाकी सगळं दलालाच्या जिभेला.

पुण्याच्या एक दिग्दर्शक बाई आमच्या ओळखीच्या होत्या. वयाने आमच्या निम्म्या. मी त्यांना फोनवर सीन वाचून दाखवायला लागलो, तर म्हणाल्या, “सर, वाचून दाखवू नका. तुम्ही छान वाचता, त्यामुळे मला काहीच कळत नाही. लिहिलेलं पाठवा.”

पाठवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: यातली सगळी माणसं एकाच आवाजात बोलतात.

मी भडकलो. मित्र मात्र मांडीवर थाप मारून हसला. “बरोबर हाय की बे! सगळी माझ्यागत बोलत्यात. दलाल मी, शेतकरी मी, शेतकऱ्याची बायको बी मीच. बैल तेवढा गप हाय, ही तुझी मेहरबानी.”

मग आमचा अभ्यास सुरू झाला. दर आठवड्याला एक सीन नव्याने लिहायचा, बाईंनी त्याची साल काढायची, आम्ही पुन्हा लिहायचा. त्यांनीच इंटरनेटवर आमचं तिघांचं एक सामाईक डॉक्युमेंट करून दिलं. आपापल्या घरी बसून एकाच कागदावर लिहायचं. दुसऱ्याने एखादी ओळ खोडली तरी ती लगेच जात नाही. तिच्यावर रेघ दिसते आणि शेजारी दोन चिन्हं येतात, बरोबरची खूण आणि फुली. खूण दाबली की ओळ जाते, फुली दाबली की राहते. पटकथेचा धनी मी, म्हणून निकाल माझ्या हातात. हळूहळू मी सुधारत होतो. शेतकऱ्याची बायको तिच्या स्वतःच्या आवाजात दोन वाक्यं बोलली, तेव्हा आम्ही मिसळ खाऊन तो दिवस साजरा केला.

त्या मिसळीनेच त्याला पहिल्यांदा ठसका लागला असं मी बरेच दिवस सांगत होतो. खरं कारण मावा, तंबाखू-सुपारीचा. आवाज आधी बसला, मग फाटला. तपासण्या झाल्या आणि शेवटी ऑपरेशन करून स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं. गळ्याला पुढून एक भोक राहिलं. आता श्वास तिथूनच. डॉक्टर म्हणाले, सराव केला, एखादं उपकरण वापरलं, तर काही जण थोडंफार बोलतात. त्यातलं मी ‘बोलतात’ एवढंच ऐकलं.

तो घरी आला. मी दोनदा जाऊन आलो, आणि दोन्ही वेळा एकटाच अखंड बोलून आलो. त्यानंतर जाणं टाळलं. डॉक्युमेंट होतंच की! एके दुपारी उघडलं, तर त्याचा हिरवा कर्सर सौद्याच्या सीनमध्ये लुकलुकत होता. मला एवढा आनंद झाला की मी खुर्चीतून उठून स्क्रीनला नमस्कार केला. तेवढ्यात त्याने दलालाची पहिली ओळ खोडली. मग दुसरी. मग अख्खा उतारा.

मी फुली दाबली. ओळी परत आल्या.

दुसऱ्या दिवशी त्याने त्या पुन्हा खोडल्या. बाजूला कमेंट टाकली: “काढ बे हे.”

मी लिहिलं, “डॉक्टर म्हणालेत, आवाज येईल.”

“माझं सोड. दलालाचं बोल.”

मी फुली दाबली. असं रोज चाललं. तो खोडायचा, मी जिवंत करायचो. त्याने ओळींच्या जागी एकच वाक्य सुचवलं होतं: ‘दोघांचे हात रुमालाखाली. कुणी बोलत नाही.’ ते वाक्य माझ्याच्याने वाचलं जाईना. माझ्या डोक्यात हिशेब सरळ होता. मी खूण दाबली, तर मी मान्य केलं की आता तो कधी बोलणार नाही. मी फुली दाबत राहिलो, तर एक दिवस तो येईल आणि त्या ओळी म्हणेल. तोवर त्या जागेवर हव्यात.

एकदा अशीच फुली दाबायला बोट उचललं आणि खिडकीखालून त्याचा आवाज आला. “या, या, या! सोलापूरकर, पुन्हा अशी संधी नाही!” रिक्षा होती. गाद्यांच्या प्रदर्शनाची जुनीच ध्वनिफीत. गल्लीच्या टोकापर्यंत तो ओरडत गेला आणि वळणावर मिटला. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. मी फुली दाबली. जरा जोरातच.

त्याच आठवड्यात बाईंची कमेंट आली. त्याने सुचवलेल्या वाक्यापाशी त्यांनी लिहिलं होतं, “हा सीन पहिल्यांदाच सिनेमा वाटतोय. सर, हेच ठेवूया.” ज्या शाबासकीसाठी मी दोन वर्षं साल काढून घेतली, ती आली आणि मला ती नको होती.

मग वहिनींचा फोन आला.

“भावजी, हे काय लावलंय तुम्ही?”

“काय केलं मी?”

“जेवण झालं की कम्प्युटर उघडून बसतात. तुमची फुली दिसली की बंद करतात आणि भिंतीकडं तोंड करून झोपतात. काल तर जेवलेच नाहीत नीट.”

“वहिनी, मी त्याची भूमिका वाचवतोय!”

“कुणासाठी?” त्या थांबल्या. “दलालानं एवढं बोलायचं तर दुसरा माणूस आणावा लागंल की. हे स्वतःपुरतं माप घेऊन शिवायला लागलेत आणि तुम्ही रोज उसवताय. एवढं सिनेमाचं शिकलाय म्हणं, एवढं कळंना व्हय?”

बोलक्या माणसाला निरुत्तर करायची कला सोलापूरच्या वहिन्यांकडे उपजत असते. मी चपला घातल्या.

तो बैठकीत बसला होता. गळ्यावर पांढरं पातळ फडकं. बारीक झाला होता. मी नेहमीसारखा सुरू झालो, हवा, रस्त्यावरचे खड्डे, महापालिकेचं पाणी. त्याने हात वर करून मला थांबवलं, खांद्यावरचा पंचा काढला, माझा हात ओढून त्यावर टाकला आणि खालून माझी बोटं धरली. मी शेतकरी, तो दलाल. कोपऱ्यातलं वॉशिंग मशीन म्हणजे बैल.

“नाही मालक, एवढ्यात कसं…” मी म्हणालो. त्याने माझी करंगळी अशी पिरगाळली की मी गप्प.

आणि मग त्याने अभिनय सुरू केला. भुवया उडवल्या, डोळे फिरवले, मान हलवली. मुक्याची भूमिका वाईट नट करतो तशी. वहिनी दारात उभ्या होत्या. ‘छान’ म्हणून खोटं बोलायला अगदी सोयीची वेळ होती ती.

“वाईट,” मी म्हणालो. “लई वाईट. भुवया काय नाचवतोस बे? लेझीम हाय का?”

वहिनींनी तोंडावर पदर धरला. त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं, आणि एकाएकी त्याचे खांदे गदगदा हलायला लागले. आवाज नाही. गळ्यावरचं फडकं तेवढं फडफडत होतं. तो हसतोय हे समजायला मला वेळ लागला, आणि तोवर मी चांगलाच घाबरलो होतो. मग खोकला आला. “साकु, साकु,” असं कानडीत ‘पुरे, पुरे’ म्हणत वहिनी धावल्या. फडकं बदललं. तो दम घेत बसला.

बोटाने त्याने खूण केली: पुन्हा.

या वेळी चेहरा जागचा हलला नाही. डोळे बैलावर. खाली बोटांनी माझी दोन बोटं दाबली. मी नकार दिला. त्याने थांबून तिसरं बोट धरलं, पण अर्धवट, देऊ की नको अशा बेताने. बोटं हाडकुळी आणि गार होती. आणि तो त्या वॉशिंग मशीनकडे असा बघत होता की ते विकताना माझाच जीव तुटला. माझ्या दलालाला बैलाची माया होती हे मला, लिहिणाऱ्याला, माहीत नव्हतं. मी त्याला एवढं बोलायला लावलं होतं की बैलाकडे बघायला त्याला सवडच दिली नव्हती.

त्याने पंचा काढला आणि कम्प्युटर माझ्यापुढे सरकवला.

मी पहिली खूण दाबली. ओळ गेली. दुसरी दाबली. ‘वशिंड बघा मालक, देवळाचा कळस हाय’ ही ओळ आली. तालमीत तो ती म्हणायचा तेव्हा चहावाला किटली खाली ठेवायचा. मी थांबलो. तो खिडकीबाहेर बघायला लागला, मुद्दाम, मी मोकळा व्हावा म्हणून. डॉक्टरांनी पुन्हा तपासणीला बोलावलेलं होतं. सिनेमाला पैसे लावणारा कुणी मिळाला नव्हता. हा सीन कुणी कधी चित्रित करील का, आणि तोवर तो असेल का, यातलं काहीही त्या डॉक्युमेंटमध्ये लिहिलेलं नव्हतं. मी खूण दाबली.

सगळ्या ओळी गेल्यावर पान जवळजवळ कोरं झालं. त्याने ते वाचलं, मान डोलावली, कम्प्युटर स्वतःकडे ओढला आणि पुढचा सीन उघडला. दलालाच्या लेकीच्या लग्नाचा. त्यात बापाचं एक भाषण होतं. तो खोडायला लागला.

“ते राहू दे की बे,” मी म्हणालो. “एवढं एक तरी.”

त्याने ऐकलं नाही. मी खुर्ची त्याच्या शेजारी ओढली आणि मोबाईलवर तेच डॉक्युमेंट उघडलं. तो पुढे खोडत होता, मी मागून खुणा दाबत होतो. वहिनींनी आतून विचारलं, जेवायला थांबणार का. आम्ही दोघंही काही बोललो नाही.