मयेकरबाई आणि झाकलेली रिंग

ॲडव्होकेट कुंदा मयेकर यांची माझी पहिली भेट त्यांच्या अंधेरीच्या ऑफिसबाहेरच्या लांब गॅलरीत झाली. मी ज्युनियर वकील म्हणून नोकरी मागायला गेले होते. जिना चढून वर पोचते तोच एक नारंगी रिंग, बुडणाऱ्यांसाठी बोटीवर टांगलेली असते तशी, दोरीसकट सरपटत माझ्या पायाशी येऊन थांबली. गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला साडीचा पदर खोचून सत्तरीच्या एक बाई उभ्या होत्या.

"पकड गो, पकड! बघतेस काय? बुडतेयस तू!"

मी फाइल बगलेत मारली आणि रिंग धरली. बाईंनी दोरी खेचली, तशी मी दोन पावलं पुढे गेले. शेजारी उभ्या असलेल्या कारकुनांना त्या म्हणाल्या, "बघ सावंत, जमतं ना? उगाच सांगत होतास, ताकद लागते म्हणून."

"बाई, ही कोरड्या फरशीवर बुडतेय," सावंत म्हणाले. "पाण्यात वजन वेगळं."

"मग तू उडी मार. तुला ओढून बघते."

त्यानंतर त्यांनी मला आत नेलं, पाणी दिलं आणि खाली रस्त्यावर कसला आरडाओरडा चाललाय ते विचारलं. मी म्हटलं, "भांडण असावं. मी ऐकलंय, पाहिलेलं नाही." बाई म्हणाल्या, "सोमवारपासून ये."

या उत्तराचं श्रेय माझ्या आईला आहे. लहानपणी मला इतका दमा होता की चौथीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. आईने स्वयंपाकघरातच मला शिकवलं. तिचा एक नियम होता. मी काहीही सांगितलं की ती विचारायची, "तू पाहिलंस की ऐकलंस?" तेव्हापासून मला ती सवय आहे आणि त्यापायी माझी झोपही बऱ्याचदा उडालेली आहे. या लेखातही काय पाहिलं आणि काय ऐकलं ते मी वेगळं सांगणार आहे. अमृतमहोत्सवी गौरवग्रंथात असं लिहीत नाहीत, हे मला माहीत आहे. पण ज्यांच्याविषयी लिहायचं आहे, त्यांना दुसरं काही चालणार नाही.

बाईंची सगळी वकिली दिवाणी दाव्यांत गेली. भाडेकरू, वारस, सोसायट्यांची भांडणं. वडील गिरणी कामगार, मूळ गाव मालवणजवळचं, आणि राग आला किंवा गहिवरून आलं की बोली आपोआप मालवणी होते. तलावांशी त्यांचा संबंध एका हरलेल्या केसमुळे आला. तेव्हा मी नव्हते, सावंतांनी सांगितलेलं लिहिते. एक तरुण तलावात बुडून गेला होता आणि त्याच्या आईवडिलांनी नुकसानभरपाई मागितली होती. समोरच्या वकिलांनी एवढंच विचारलं, की तलावाकाठी रिंग, दोरी किंवा बांबू ठेवलाच पाहिजे असा नियम दाखवा. बाईंना तो दाखवता आला नाही. कोर्टाबाहेर त्या आईने त्यांना विचारलं, "बाई, म्हणजे चूक कुणाचीच नाही?" बाईंनी काय उत्तर दिलं ते सावंतांना आठवत नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी कोरे कागद काढले आणि नियमाचा मसुदा लिहायला बसल्या.

मसुदा साधा होता. जिथे लोक पाण्यापर्यंत उतरतात अशा प्रत्येक सार्वजनिक तलावाच्या काठावर रिंग, लांब दोरी आणि आकडीचा बांबू असावा, हे सगळं पायऱ्यांवरून हाताला लागेल इतकं जवळ असावं, आणि ते जागेवर आहे की नाही हे बघणारा एक माणूस नेमलेला असावा. हे घेऊन बाई किती कार्यालयांत गेल्या त्याची मोजदाद नाही. मी त्यांच्याबरोबर अनेकदा बाकड्यांवर बसले आहे. एकदा एक अधिकारी म्हणाले, "बाई, मुंबईत लोक समुद्रात बुडतात, तुम्ही तलावाचं काय घेऊन बसलात?" बाई म्हणाल्या, "समुद्राला लोक घाबरतात, साहेब. तलाव रोजच्या ओळखीचा असतो."

त्या दिवसांत बाईंनी मला कसं सांभाळलं तेही नोंदवायला हवं. माझा पहिला अर्ज कोर्टात द्यायचा होता त्या सकाळी मी तो इतक्या वेळा वाचला की अक्षरं दिसेनाशी झाली आणि मी बाथरूममध्ये जाऊन ओकले. दुपारी बाईंनी स्वतःच्या डब्यातली उकड्या तांदळाची पेज माझ्यापुढे सरकवली, वर मिठाची कैरी ठेवली. "खा. मीसुद्धा ओकायचे. आमच्या वेळी तर बाथरूमपण नव्हतं."

आता मुख्य गोष्ट.

मुलुंडला आमच्या ओळखीच्या एका वस्तीजवळ तलाव आहे. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्यांचं माणूस गेलं ते अजून तिथेच राहतात. बऱ्याच पाठपुराव्यानंतर त्या तलावावर नमुना म्हणून रिंग, दोरी आणि बांबूचा एक स्टँड बसवायचं ठरलं. स्टँड बसला आणि लगेच सरकारी कार्यालयातून फोन आला. शुभारंभ एका मोठ्या साहेबांच्या हस्ते करू, साहेब आले की नियमाची फाइलही पुढे सरकेल. हे मी पाहिलेलं आहे, कारण मी समोरच बसले होते. बाईंनी फोनवर हात ठेवून खिडकीबाहेर पाहिलं. मग हात काढून म्हणाल्या, "ठीक आहे. थांबू."

स्टँडवर सॅटिनचं कापड चढलं. त्याला लाल फीत बांधली गेली. कुणी फीत सोडू नये म्हणून वॉचमनला सांगून ठेवलं. साहेबांची तारीख पुढे गेली, आणि मग पुन्हा पुढे गेली.

यापुढचं ऐकलेलं आहे. साक्षीदारांचे जबाब मीच लिहून घेतले. दिलीप नावाचे रिक्षावाले रोज दुपारी त्या पायऱ्यांवर हातपाय धुवायला थांबत. त्या दुपारी शेवाळावरून त्यांचा पाय सरकला. त्यांना पोहता येत नव्हतं. ते पायऱ्यांपासून फार लांब नव्हते, हे सगळे साक्षीदार सांगतात. हार विकणाऱ्या बाईंनी ओरडून सांगितलं, "ते कापडाखाली काय आहे ते काढा ना!" वॉचमन म्हणाला, "हात नका लावू, साहेबांच्या हस्ते आहे." कुणी म्हणालं, "अरे फाटलं तर भरून कोण देणार?" दोन मुलींनी ओढण्या एकमेकींना बांधून टाकल्या, त्या पोचल्या नाहीत. एकाने उडी मारली, तोवर पाण्यावर कुणीच दिसत नव्हतं. वॉचमन जबाब देताना रडत होता. तो म्हणाला, "मॅडम, मला वाटलं कुणीतरी वरचा म्हणेल, काढ. कुणी म्हणालंच नाही."

मी ऑफिसात येऊन बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पाण्याक उद्घाटन कळता काय गो?"

दहाव्यानंतर बाई दिलीप यांच्या घरी गेल्या. मी बरोबर होते. सावंतांनी अडवलं होतं, वकिलाने असं जाऊन काही कबूल करू नये म्हणून. दिलीप यांच्या पत्नी संगीता भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांचं नाव त्यांना विचारूनच लिहिते आहे. बाई जमिनीवर त्यांच्यासमोर बसल्या. "रिंग मी आणवली होती. ती झाकून ठेवायला मीही हो म्हटलं होतं. मला वाटलं, साहेब आले तर सगळ्याच तलावांचं काम होईल. हे तुला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून सांगायला आले."

बाहेर कुणाच्या तरी मिक्सरचा आवाज चालू होता. संगीता म्हणाल्या, "मग आता तरी काढा ना ते. सकाळी बघितलं मी. अजून तसंच आहे."

बाई उठल्या. एवढ्या वयात त्यांना इतक्या झपाट्याने चालताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. तलावावर तो स्टँड खरोखर तसाच होता, कापड, फीत, वर सुकलेली झेंडूची माळ. वॉचमन नवा होता. तो "ओ आजी, ओ आजी" म्हणत धावत आला. बाईंनी फितीचं टोक धरून ओढलं. गाठ एका ओढीत सुटली. मला वाटतं, बाईंना सगळ्यात जास्त लागलं ते हेच, की गाठ इतकी सैल होती. त्या तिथेच पायरीवर बसल्या, कापड मांडीवर घेऊन.

त्या रात्रीच मसुद्यात एक कलम वाढलं. साधन बसवलं त्या क्षणापासून वापरात आहे असं समजावं, त्यावर कापड, कुलूप वा फीत लावू नये, आणि कोणत्याही समारंभासाठी ते अडवून ठेवू नये. हे कलम घेऊन आम्ही गेलो तेव्हा एक अधिकारी हसले. "बाई, कायद्यात फीत हा शब्द कसा घालणार? लोक हसतील."

"हसू देत," बाई म्हणाल्या. "माणूस कसा मेला ते तुम्ही कायद्याच्या भाषेत सांगा, मी तोच शब्द घालते."

त्यानंतरच्या प्रत्येक निवेदनात बाई पहिल्याच परिच्छेदात लिहितात, की ही रिंग झाकून ठेवण्यास माझी संमती होती. हितचिंतकांनी पुष्कळ समजावलं. यामुळे बाजू लंगडी होते, विरोधक याचाच उपयोग करतील. मीही एकदा टाइप करताना तो परिच्छेद गाळावा का, असं विचारलं. बाई म्हणाल्या, "तुझी आई काय म्हणेल?" मी परिच्छेद तसाच ठेवला.

नियम अजून झालेला नाही. मसुदा कुठल्या टेबलावर आहे ते आम्हाला दर महिन्याला नव्याने शोधावं लागतं. काही तलावांवर रिंगा लागल्या, त्यांतल्या काही चोरीला गेल्या, एका ठिकाणी चोरी टाळण्यासाठी साखळी आणि कुलूप घातलं होतं. अशी कुलपं बाई स्वतः जाऊन काढायला लावतात. गुडघे दुखतात, रिक्षातून उतरताना हात द्यावा लागतो, तरी जातात. ज्या बाईंनी उभ्या आयुष्यात असंख्य दावे जिंकले त्यांचा हा एकच दावा अनिर्णित आहे, आणि पंचाहत्तराव्या वर्षी त्यांना दुसऱ्या कशाचीही काळजी नाही.

अमृतमहोत्सव समितीने हा लेख मागितला तेव्हा मी घाबरून बाईंना विचारलं, की मुलुंडचं लिहू का? गौरवग्रंथात शोभेल का? त्या म्हणाल्या, "तेच लिही. ते गाळून माझा गौरव करणार असशील तर लिहू नको." त्यांनी समितीलाही एक अट घातली आहे. या ग्रंथाच्या प्रती प्रकाशनासाठी रंगीत कागदात गुंडाळायच्या नाहीत. सभागृहाचं दार उघडताच त्या टेबलावर असतील, ज्याला हवी त्याने उचलावी. तेव्हा हे पान कुणी भाषणं सुरू होण्याआधीच वाचत असेल, तर ते बाईंच्या इच्छेप्रमाणेच आहे.

शेवटी दीर्घायुष्याच्या शुभेच्छा द्यायच्या असतात. त्या माझ्या एकटीच्या असाव्यात असं मला वाटेना, म्हणून गेल्या रविवारी मी संगीताताईंकडे गेले. त्या आता एका शाळेच्या कॅन्टीनमध्ये काम करतात. मी म्हटलं, बाईंना पंचाहत्तर पूर्ण होतायत, तुम्हाला काही सांगायचं आहे का? त्या भाजी निवडत होत्या.

"मी माफ केलं असं लिहू नको हां. केलं की नाही ते माझं मलाच ठाऊक नाही."

"नाही लिहिणार."

"पण लिही, त्यांनी भरपूर जगावं. गुडघ्यांना तेल लावावं. काम अर्धं टाकून जायचं नाही म्हणावं, एवढं तरी माझं देणं लागतात त्या."

मी हे माझ्या कानांनी ऐकलं आहे, आणि ते बोलताना त्यांचा चेहराही पाहिला आहे. बाई, संगीताताईंच्या या शुभेच्छांत मी माझ्याही मिळवते. निरोगी राहा, पुष्कळ जगा.