चेअरमनांच्या केबिनमधली नदी

नदी काढायला मला कधी नदीवर जावं लागलं नाही. सांगलीत शाळा सुटली की मी घरी यायचो, पंख्याखाली बसायचो, मगमध्ये नळाचं पाणी घ्यायचो आणि गाव काढायला लागायचो. आमचं गाव कराडच्या खाली, कृष्णेच्या काठावर. चित्रकला शिकवायची नोकरी धरून मी सांगलीला आलो त्याला तोवर बरीच वर्षं झाली होती. गावाला जाणं व्हायचं ते भाऊबंदांच्या लग्नापुरतं, नाहीतर यात्रेपुरतं. कागदावर मात्र मी रोज तिथे असायचो. घाटावर धुणं आपटणाऱ्या बाया, पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडांचा बिंडा बांधून पोहायला शिकणारी पोरं, नाकापर्यंत पाण्यात बसलेल्या म्हशी. लोकांना हे फार आवडायचं. मिरजेचे डॉक्टर माझी चित्रं दवाखान्यात लावायचे आणि म्हणायचे, "मास्तर, नुसतं बघितलं तरी गार वाटतं." खरं सांगायचं तर मलाही गारच वाटायचं.

त्यातलं सगळ्यात मोठं चित्र होतं काहिलीचं. काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची भली थोरली लोखंडी कढई. आमची शाळा पलीकडच्या तीराला आणि गावची नाव कायमची फुटकी. त्यामुळे पावसाळ्यात नदी चढली की आमचे थोरले चुलते आम्हा पोरांना काहिलीत बसवून पार करायचे. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. फौजेतून पेन्शनीवर आलेला गडी, दंड असे की पोरं त्यांना लोंबकळायची. काहील पाण्यात गरगरा फिरायची, लहान पोरी भोकाड पसरायच्या आणि तात्या एका हाताने काठ धरून पोहत पोहत तिला ढकलत न्यायचे. "हालायचं न्हाई! हालला त्यो खाली उतरंल!" ही त्यांची ऑर्डर.

आता पुराचं पाणी असतं तांबडं, गढूळ, काटक्याकुटक्यांनी भरलेलं. पण तांबडं पाणी भिंतीवर कोण लावणार? मी ते निळं केलं. तळातले गोटे मोजून घ्यावेत इतकं नितळ केलं. तात्यांना त्यात छातीपर्यंत भिजवलं, पोरांच्या तोंडावर हसू काढलं. रडणाऱ्या पोरी मी वगळल्या.

सांगलीत प्रदर्शन भरलं तेव्हा आमच्या भागातल्या साखर कारखान्याचे चेअरमन उद्घाटनाला आले होते. काहिलीपुढे ते बराच वेळ उभे राहिले आणि ते चित्र घेऊनच गेले. माझी छाती फुगली. गावात ही बातमी माझ्याआधी पोचली होती, आणि मला वाटतं तिथेच पुढचं सगळं ठरून गेलं.

नव्वदचं दशक निम्मं सरलं असेल. उन्हाळा लागला होता आणि तात्यांचा निरोप आला, ताबडतोब ये. मी गेलो. एसटीतून उतरलो तेव्हाच वास आला. गूळ करपला आणि वर कुणीतरी ताक नासवलं, असा काहीतरी. नदीला उन्हाळ्यात धार राहत नसे, नुसते डोह उरायचे, आणि त्या डोहांत कारखान्याची मळी येऊन बसली होती. मासे पांढरी पोटं वर करून काठाला लागले होते. मी घाटावर उभा राहून पाण्याचा रंग बघितला. तो माझ्या चांगलाच ओळखीचा होता. चित्र पुरं झाल्यावर ब्रश धुऊन धुऊन मगमधलं पाणी असंच होतं.

गावच्या नळाला याच डोहातलं पाणी येई. काकी, म्हणजे तात्यांची बायको, ते फडक्याने गाळायची, उकळायची, तुरटी फिरवायची. रंग थोडा उतरायचा, वास काही जायचा नाही. तिच्या धाकट्या नातीच्या अंगावर पुरळ उठलं होतं आणि काकी तिला कडुनिंबाच्या पाल्याने शेकत बसलेली होती. मला मात्र तिने पाणी दिलं ते स्वच्छ. मी विचारलं तर म्हणाली, "माळावरच्या हिरीचं हाय. पावन्यासाठी यक कळशी आनून ठेवलीया." माळावरची विहीर म्हणजे उन्हातली चांगलीच पायपीट. मी ते पाणी घटाघटा प्यायलो, वर आणखी मागितलं.

गावाने ओरडायचं तर पंचाईत अशी होती की गावाचा सगळा ऊस त्याच कारखान्याला जायचा. तोंड उघडलं की ऊसतोडीची टोळी यायची नाही, ऊस उभा वाळायचा. तेव्हा सांगायचं तर गोडीगुलाबीने, आणि ओळखीचा माणूस मध्ये घालून. ओळखीचा माणूस म्हणजे मी. "तुजं चित्तर त्येंनी घरात न्हेलंय," तात्या म्हणाले, "तुजा शबुद मोडायचे न्हाईत." मागणंही मोठं नव्हतं. पाऊस पडून नदी वाहती होईपर्यंत मळी नदीत सोडू नका, आणि तोवर गावाला टँकर द्या.

काकीने पहाटे जाऊन डोहातलं पाणी बाटलीत भरून आणलं. घरात बुचाची धड बाटली एकच होती, तात्यांच्या मिलिटरी कँटीनच्या रमची. लेबल धुऊन निघालं होतं. तात्यांनी बोलायचं वाक्य पाठ केलं होतं. बाटली टेबलावर ठेवायची आणि म्हणायचं, "साहेब, ह्ये पानी आमची पोरंबाळं पित्यात. यक घोट तुमी घिऊन बघा." जाताना जीपमध्ये त्यांनी ते आम्हाला पुन्हा पुन्हा म्हणून दाखवलं. बरोबर गावातले दोन जाणते होते. त्यांनी मान डोलावली आणि सांगितलं, एवढंच बोला, जास्त नको.

केबिनचं दार उघडलं आणि समोरच्या भिंतीवर माझं चित्र. चेअरमनांच्या खुर्चीच्या बरोबर मागे, रुंद सोनेरी चौकटीत, वर खास दिवा लावलेला. खुर्चीत चेअरमन बसले होते आणि त्यांच्या डोक्यावरून माझी निळी नदी वाहत होती.

तात्या दारातच थांबले. डोळे बारीक करून बघत राहिले आणि म्हणाले, "ह्यो मी का रं?"

मग काय विचारता! चेअरमन खुर्चीतून उठून आले, तात्यांचा हात धरून त्यांना चित्राखाली नेऊन उभं केलं, बाहेरच्या क्लार्कांना आत बोलावलं. "या, या, काहिलीतला माणूस साक्षात आलाय!" चहा आला, पोहे आले. चेअरमन वाईट माणूस नव्हते, आणि तीच अडचण होती. तेही नदीकाठचेच. लहानपणी आपला बिंडा डोहात सुटला आणि आजोबांनी शेंडी धरून कसं वर काढलं, हे त्यांनी रंगवून सांगितलं. त्यावर तात्यांनी, फौज सोडून आल्यावर काहील उलटी झाली त्या साली पोरांची दप्तरं कशी वाहून गेली ते सांगितलं. जाणते दोघे हसून हसून डोळे पुसत होते. चेअरमन चित्राकडे बोट दाखवून म्हणाले, "मास्तर, दिवसभर डोकं उठतं बघा ह्या खुर्चीत. मग मी खुर्ची फिरवतो आणि आपली नदी बघतो. झक्क वाटतं." मी खाली बघून हसलो. त्यांना दोनशे पावलांवर खरी नदी होती.

शेवटी एका जाणत्याने तात्यांना कोपराने ढोसलं. तात्या भानावर आले, त्यांनी मांडीवरच्या पिशवीत हात घातला आणि बाटली मानेला धरून निम्मी बाहेर काढली.

चेअरमनांनी ती बघितली. त्यांनी चटकन दाराकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणून हसले. "आवं तात्या, हे कशाला? कँटीनचं व्हय? ठेवा, ठेवा आत. बाहेर माणसं बसल्यात."

तात्यांचा हात तसाच राहिला. पाठ केलेलं वाक्य त्यांच्या तोंडातून निघेना. साहेबाने भेट समजून प्रेमाने नाकारलेली वस्तू, ती आता पुढे करून "एक घोट घ्या" कसं म्हणायचं? ते माझ्याकडे बघू लागले. मला आणलं होतं ते त्याच क्षणासाठी. "रम नाही साहेब, नदीचं पाणी आहे," एवढंच बोलायचं होतं. शाळेतलं पोरगंही बोललं असतं.

पण वर तो दिवा लावलेला निळा डोह होता. त्याच्याखाली ती बाटली उभी राहिली असती तर त्या खोलीत पहिलं खोटं पडलं असतं ते माझं चित्र. चेअरमन हसत होते, म्हणून मीही हसलो. नुसता हसलो नाही, वर म्हणालो, "तात्यांचं आपलं काहीतरीच." हे वाक्य आजही मध्येच कधीतरी, भाजी घेताना नाहीतर वर्गात फळ्यावर लिहिताना, माझ्या कानात येतं आणि मेल्याहून मेल्यासारखं होतं.

बाटली पिशवीत गेली. निघताना एक जाणता कसंबसं बोलला, "पान्याचं जरा बघा, साहेब." चेअरमन म्हणाले, "बघतो की. आपलीच नदी आहे." आणि आम्हाला पोचवायला दारापर्यंत आले.

जीपमध्ये तात्या चिडले असते तर बरं झालं असतं. ते खुशीत होते. मध्येच माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "दंड लय बेस काढलायस माजं. फौजंतून आलो तवा आसंच हुतं." गाव जवळ आलं तेव्हा हळूच म्हणाले, "आपुन बोललोच न्हाई की रं." "आपुन" म्हणाले. स्वतःला वगळून त्यांना मला शिवी देता आली असती.

काकी दारातच नातीला घेऊन बसली होती. "काय म्हनलं सायेब? पानी दावलंसा का?"

तात्यांनी पिशवी तिच्या हातात दिली. बाटली जड लागली तशी ती काय ते समजली. तात्या उगीच सांगू लागले, "आगं, आमचं चित्तर लावलंया तितं. भितभर हाय. नदी तर काय, काचंगत दिसतीया. तळाचं गोटंबी दिसत्यात."

काकीने बाटली बाहेर काढून उजेडात धरली. मग ती माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. "व्हय रं? लय निर्मळ काढलंयस म्हन की पानी?"

मी म्हणालो, "हो."

"मग येताना घागरभर तितलंच आनायचं हुतंस."

ती नातीला तात्यांकडे देऊन आत गेली आणि बाहेरून आलेल्या माणसाला द्यायचं म्हणून पाणी घेऊन आली. माळावरच्या पाण्याची कळशी कोपऱ्यात झाकलेली मला दारातून दिसत होती. तांब्या तिने नळाच्या पाण्याच्या रोजच्या हंड्यातून भरला होता. मी तो दोन्ही हातांनी घेतला आणि प्यायलो.