रिकामा खिळा

आमच्या सबस्टेशनच्या आवारात एकच कडुनिंब आहे आणि त्याच्या सावलीत एकच मोटरसायकल मावते. मे महिन्यातल्या त्या दुपारी तिथे लाइनमनची गाडी होती, माझी उन्हात. माझी ड्यूटी संपत आली होती. तापलेल्या सीटवर बसून घरी जाणं म्हणजे काय, हे ज्यानं सोसलं त्यालाच ठाऊक. चारचौघांत दाखवताही येत नाही. लाइनमन तर पिकअपमधून लाइनवर गेलेला, त्याला सावली काय करायची? मी खिळ्यावरची त्याची किल्ली घेतली, त्याची गाडी उन्हात काढली, माझी सावलीत लावली. त्याची किल्ली माझ्या खिशात गेली आणि तिथेच राहिली.

खिळ्याचं सांगायला हवं. मी ऑपरेटर, म्हणजे गावोगावच्या लाइना बंद-चालू करणारा. पूर्वी खांबावरच्या माणसानं फोनवर ‘झालं’ म्हटलं की आम्ही लाइन चालू करायचो. मग इंजिनियर म्हणून एक मॅडम आल्या, माझ्या पुतणीच्या वयाच्या. त्यांनी प्रत्येक लाइनच्या पॅनलशेजारी एक खिळा ठोकून घेतला. लाइनवर जाणाऱ्यानं आपल्या गाडीची किल्ली तिथे टांगायची आणि परत आल्यावर स्वतःच्या हातानं काढायची. किल्ली आहे तोवर माणूस खांबावर. खिळा रिकामा, म्हणजे माणूस खाली, सुखरूप.

“मॅडम, किल्ल्यायचं दुकान टाकून राह्यल्या का?” असं तेव्हा मीच म्हणालो होतो. पुढे खिळ्याची इतकी सवय झाली, की ड्यूटी बदलताना कोण लाइनवर आहे हे तोंडानं सांगणंही आम्ही सोडून दिलं. किल्ली सांगतेच ना!

घरी आलो. लाइट नव्हती; माझं गाव त्याच लाइनवर. शर्ट खुंटीला लावला, बनियनवर जेवायला बसलो. बायको धुण्यात टाकायला शर्टाचे खिसे चाचपत होती.

“हे किल्ली कोणाची हो? लाल गोंडा हाय इले. आपली तं नाही.”

मी गोंड्याकडे पाहिलं, मग छताच्या पंख्याकडे. पंखा बंद होता. आयुष्यात पहिल्यांदा मला बंद पंखा पाहून बरं वाटलं, पण क्षणभरच. माझ्या जागी दुसरा ऑपरेटर आला असणार. त्याला खिळा रिकामा दिसला असणार. आणि तिकडे तो माणूस तारेला हात घालून खांबावर.

सबस्टेशनचा फोन लावला. व्यस्त. असणारच, लाइट गेली की अर्धा तालुका त्या एका फोनवर ‘कवा येईन’ विचारत बसतो. मॅडमचा फोन नुसता वाजत राहिला. लाइनमन वर चढताना फोन खाली पिशवीत ठेवतो. त्यालाही लावला. लावून पाहण्याशिवाय दुसरं सुचत नव्हतं.

“आवं, शर्ट तं घाला!” बायको मागून ओरडली, तोवर मी गाडीला किक मारली होती.

सगळं गाव लाइटची वाट पाहत होतं आणि मी एकटा बनियनवर रस्त्यानं ‘नको येऊ, नको येऊ’ म्हणत चाललो होतो. शिंप्याच्या दुकानातला पंखा पाहिला. बंद. पिठाची गिरणी, बंद. पानटपरीवाल्यानं हाक दिली, “ओ साहेब, लाइट कवा येईन?”

“येऊच नये!” मी ओरडलो.

“ऊन लागलं याले,” तो म्हणाला.

पुढे लग्नाचा मांडव होता. त्याच्या तोंडाशी मोठा कूलर ठेवलेला, आणि त्या कूलरची पाती फिरत होती.

माझी गाडी आपोआप थांबली. मनात त्या माणसाचं घर आलं. अंगणात कांदा पसरून बसलेली त्याची बायको आली. तिला जाऊन मी काय सांगणार? की बाई, माझी सीट तापत होती?

तेवढ्यात मांडवातून भटजींचा आवाज आला. बिचारे घसा फाटेस्तोवर मंगलाष्टकं म्हणत होते, माइकशिवाय. मी परत कूलरकडे पाहिलं. पाती वाऱ्यानं फिरत होती. लाइट आली नव्हती.

सबस्टेशनच्या फाटकाशी गर्दी होती. आत नवा ऑपरेटर पॅनलपासून लांब उभा, आणि पॅनलच्या पुढ्यात खुर्ची टाकून मॅडम बसलेल्या.

“मॅडम, वरात साखरखेर्ड्याहून आली! नवरदेव शिजून राह्यला ना तिकडे!” एक जण खिडकीतून ओरडत होता.

“तुमचाच माणूस म्हणते खिळा रिकामा हाय. मंग काऊन अडवून धरलं?”

कोणीतरी पुढाऱ्याला फोन लावून तो मॅडमच्या तोंडापुढे धरला. त्या म्हणाल्या, “खिळा रिकामा आहे, पण त्याची गाडी इथेच उभी आहे आणि माणूस मला दिसलेला नाही. तो दिसेपर्यंत लाइन चालू होणार नाही. तक्रार माझ्या नावानं करा.” आवाज चढलेला नव्हता. खुर्चीचा हात मात्र त्यांनी इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती.

मी आत जाऊन किल्ली पुढे केली. त्यांनी किल्ली पाहिली, माझं बनियन पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं. उठून त्यांनी किल्ली खिळ्याला लावली. पहिल्यांदा खिळा चुकला.

मग त्या फाटकाशी गेल्या. “माणूस अजून खांबावर आहे. घोळ आमच्याकडून झाला. त्याचं काम संपेपर्यंत थांबावं लागेल.”

नवरदेवाचा मामा डोक्यावरचा फेटा काढून घाम पुसत म्हणाला, “राहू द्या मंग, मॅडम. नवरदेव शिजला तं शिजला, जित्ता तं हाय.”

आत आल्यावर मॅडम मला म्हणाल्या, “काका, बाहेर मी ‘आमच्याकडून’ म्हटलं. त्याला मात्र तुम्हीच सांगायचं.”

लाइनमन परत आला. खिळ्यावरची किल्ली काढली, गाडीवर बसला आणि उडालाच. “आयव! माही गाडी उनात कोनं लावली बे?”

मी सांगितलं. सगळं. त्यानं आपले दोन्ही तळहात उलटसुलट करून पाहिले.

“सावलीपायी, भाऊ?”

एवढंच विचारलं त्यानं. मग त्याच तापलेल्या सीटवर बसला आणि गेला. शिवी दिली असती तर मला रात्री झोप लागली असती.

दुसऱ्या दिवसापासून किल्ली बंद झाली. आता लाइनवर जाणारा आपली चप्पल पॅनलपुढे काढून ठेवतो आणि बूट घालून जातो; चप्पल कोणी चुकून खिशात घालून नेत नाही. शिवाय ड्यूटी बदलताना नाव घेऊन सांगायचं. दसऱ्याला आम्ही ज्या पॅनलला हळदकुंकू वाहतो त्याच्यापुढे चपला, म्हणून मी कुरकुरणार होतो. पण माझी कुरकुरायची ऐपत उरली नव्हती. मॅडमनी मला कडुनिंबाची दोन रोपंही आणायला सांगितली. पाणी मीच घालतो.

पण त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा पंखा गरगर फिरत होता. मला त्याच्याखाली बसवेना. बंद केला आणि घामाघूम होत बायकोला सारी हकिगत सांगितली. म्हटलं, उद्या त्याच्या घरी जाऊन त्याच्या बायकोचीही माफी मागतो. तिनं अर्धी राहिलेली भाकरी माझ्यापुढे सरकवली, पंखा लावला आणि म्हणाली, “तिले नका सांगू. नाही तं तेबी बिचारी जल्मभर पंख्याकडेच पाहात बसन.”