सवडीनं या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सोबतच्या नर्सबाईंना नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण — कारण काही नाही, दमले आता.

भोर तालुक्यात बावीस वर्षं नर्स आहे. अंगावरून जाण्यापासून गर्भपिशवीपर्यंत सगळं बेधडक बोलते — बायकांशी. हिर्डोशीच्या सुमनबाई तपासणीला आल्या त्या माझ्याच आग्रहानं. लाजत होत्या, मीच थट्टा करत त्यांना टेबलावर चढवलं. गर्भपिशवीच्या तोंडाशी डॉक्टरांना पांढरा डाग दिसला, तिथला तुकडा तपासायला पुण्याला गेला. रिपोर्ट आला — कॅन्सर, पण अजून पसरलेला नाही. "तुम्ही स्वतः घरी जाऊन सांगा. लगेच ऑपरेशन झालं तर बाई बरी होईल," डॉक्टर मला म्हणाले.

घरी जाऊन. त्या दिवशी एसटी चुकली, पाऊस होता, गुडघे ठणकत होते — पण हे खरं कारण आहे का? दुसऱ्या दिवशी एसटी होतीच की.

मी फोन लावला. त्या घरात मोबाईल एकच, तोही दिराच्या खिशात. "बोला सिस्टर," तो म्हणाला आणि माझी जीभ अडली. परक्या पुरुषाला त्याच्या भावजयीच्या गर्भपिशवीचं कसं सांगायचं? मी म्हणाले, रक्त कमी आहे, गोळ्या न्यायला वहिनींना पाठवा. सवडीनं.

सवडीनं! हा शब्द कुणी माझ्या तोंडी घातला? कुणीच नाही. रजिस्टरमध्ये मात्र लिहून टाकलं — निरोप दिला.

भातलावणीत कुणाला सवड असते? आणि गोळ्यांसाठी एवढ्या लांब कोण येतं? उद्या जाऊन सांगू, परवा जाऊ, असं मीही करत राहिले. सुमनबाई आल्या त्या भात घरात आल्यावर — टेम्पोत आडव्या निजून. रोग पसरला होता.

शेवटचं भेटायला गेले तेव्हा घरातले सगळे भोवती बसलेले. सुमनबाईंनी माझा हात धरला.

"सिस्टर, तुमी निरोप धाडला व्हता. म्याच आले न्हाई. माजंच चुकलं."

दीर मान खाली घालून होता. मला खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

मी त्यांचा हात थोपटला — आणि म्हणाले, "असू द्या."