मनकर्णाच्या नाकाजवळचा चिरा

मनकर्णा सावनेरची. तिचा डावा डोळा बारा महिने गळायचा. डोळ्यातून नाकात उतरणारी वाट बंद झाली होती. पाणी साचायचं, कोपऱ्यात पू व्हायचा. याला लोक लासरू म्हणतात. सत्तर साली नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "नाकाच्या बाजूला लहानसा छेद घेऊ, हाडातून नवी वाट काढू. पाणी थांबेल."

"तोंडावर चिरा?" तिची आई पार्वतीबाई ताडकन उठली. "पोरीचं लगन व्हायचं हाय, डॉक्टरसायेब. पाहाले येनारे काय म्हनतीन?"

ऑपरेशन राहिलं. त्याऐवजी आईने एक युक्ती काढली, आणि त्या युक्तीवर ती भारी खूश होती. पाहुणे दाराशी आले की पोरीला आत न्यायचं, डोळ्याच्या कोपऱ्यावर अंगठा दाबून साचलेलं सगळं पिळून काढायचं, पुसायचं, काजळ भरायचं. चहा-पोह्यांपुरता डोळा कोरडा राहायचा. मनकर्णा कळवळायची, तर आई म्हणायची, "थोडं सहन कर वं." पोरीला नवरा मिळावा म्हणून पोरीचाच डोळा पिळायचा, ही कसली माया ते मला आजही समजत नाही.

जमलं एकदाचं. नवरा रुपराव हिंगण्याच्या कारखान्यात कामाला, घर नागपुरात, प्रतापनगरला, आमच्या भिंतीला भिंत लावून. लग्नात होमाच्या धुराने डोळा वाहू लागला, तेव्हा बायका हळहळल्या, माहेर सोडताना किती रडते बिचारी! ती एकाच डोळ्याने रडते आहे, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

सासूच्या मात्र लवकरच आलं. जिजाबाईने अंगणात उभं राहून आख्ख्या गल्लीला ऐकवलं, "रोगी पोरगी गळ्यात बांधली! ज्याईनं लपवलं, त्याईनंच बरी करून द्यावी." निरोप सावनेरला गेला. तिकडून पार्वतीबाईचं उत्तर आलं, "लेक आता तुमची. तुमीच पाहा."

झालं. पुढची आठ वर्षं दोन्ही घरं एकमेकांकडे बोट दाखवत बसली. रुपराव स्वभावाने वाईट नव्हता. नुसता बिनकामाचा होता. "तुमी तरी न्या ना मले," ती म्हणायची. तो सायकल काढत म्हणायचा, "आईले विचार." देवाच्या कार्यात तिला हळदीकुंकवाचं ताट कधी धरू दिलं नाही. ती मागे बसून पदराने डोळा टिपायची. पदराचं ते टोक कायम ओलं असे.

एका उन्हाळ्यात कोपरा सुजला, ताप चढला, चेहरा ओळखू येईना, आणि नाकाच्या बाजूला गळू आपोआप फुटलं. जखम भरली, पण कातडी आवळून तिथे खड्डा पडला. आता चेहरा बिघडलाच होता, म्हणून चिऱ्याला कोणाची हरकत उरली नाही. रुपराव स्वतः तिला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी नवी वाट काढली. डोळा कोरडा झाला.

पुढच्या संक्रांतीला पार्वतीबाई तिळगूळ घेऊन प्रतापनगरात आली. मीही तिथेच होतो. दोघी विहिणी शेजारी बसल्या, गोड गोड बोलल्या.

"एवढंसं तर काम होतं," जिजाबाई म्हणाली. "आधीच काहून नाही सांगितलं इनं?"

"लहानपनापासून मुकीच हाय," पार्वतीबाईने मान डोलावली.

माझ्या हातातला तिळगूळ तसाच राहिला. इतकी चीड मला क्वचितच आली असेल.

मनकर्णा उठली, आईसमोर जाऊन बसली आणि तिने तोंड उजेडाकडे केलं. "माय, डॉक्टरनं मारलेला चिरा कुठी हाय, दाखव."

पार्वतीबाईने चष्मा लावला आणि खड्ड्यावर बोट ठेवलं.

"तो नाही. नीट पाह्य."

म्हातारीने पुन्हा पाहिलं. मग जिजाबाईही वाकली. दोघींना दुसरी काही खूण सापडेना. शेवटी पार्वतीबाईचं बोट परत त्याच खड्ड्याशी आलं.

"तो डॉक्टरचा नोहे," मनकर्णा म्हणाली. "तो तुमचा दोघींचा हाय."